अकराव्या रांगेतली खुर्ची

२४ जुलै, सोमवार

एका चालीला बारा शब्द!

वेस सरावाहून आला, बूट न काढता सोफ्यावर पडला आणि छताकडे बघत म्हणाला, "बाबा, आज घोळक्यात चाल सांगताना सातव्या शब्दाला अडकलो. दहा माणसं माझ्या तोंडाकडे बघतायत. त्यातला एक म्हणतो, पान उलट की रे पुढचं!"

हसलो नाही. चार वर्षं कॉलेजात या पोराच्या हातात चेंडू आला की सत्तर हजार माणसं उभी राहायची. अमेरिकन फुटबॉलात क्वार्टरबॅक म्हणजे तोच — आधी त्याच्या हातात चेंडू, मग बाकीचं जग हलणार. आणि आता दहा गड्यांपुढे कविता विसरलेल्या पोरासारखा उभा!

इथल्या व्यावसायिक क्लबात क्वार्टरबॅकच्या तीन जागा. पहिली पक्की, तिकडे बघायचंही नाही. दुसरी डेस्मंड प्रुइटची — पस्तिशीचा, मुरलेला. तिसरीसाठी वेस आणि हाल्वर्सन नावाचा एक. २९ ऑगस्टला दोघांतला एक घरी जाणार. म्हणून मी इथं आलोय. लिफ्ट कंपनीत बिनपगारी रजा टाकली. बायको, लोरेन, म्हणाली, "तिथं जाऊन तू काय करणार?" शिकवणार, म्हटलं. "तिथं पगारी माणसं आहेत की शिकवायला." असतील! आठव्या वर्षापासून त्याला शिकवलं कोणी?

लोरेनचा रोज एकच निरोप: गोळी घेतलीस? मार्चमध्ये माझ्या हृदयात ती जाळी बसवली तेव्हापासून. घेतली.

इमारतीची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर बोटभर खाली थांबते. मालकाला सांगितलं. म्हणाला, चालतं. चालतं म्हणे!


२७ जुलै, गुरुवार

आज लिहूनच काढतो, म्हणजे डोक्यात गरगरायचं थांबेल.

कॉलेजातला क्वार्टरबॅक विचार करत नाही. त्याच्यासाठी करतात. मैदानाच्या कडेला पोरं पाट्या घेऊन उभी — कलिंगड, बदक, ट्रॅक्टर, कोणाच्या तरी आजीचा फोटो. संघ रांगेत उभा राहतो, समोरचा बचाव आपली मांडणी दाखवतो, आणि मग अकराच्या अकरा माना कडेला वळतात. मेंढरं! कोच बचाव वाचतो, पाटी वर जाते. कलिंगड — म्हणजे उजवीकडे लांब. वेसने फेकायचं. फेकतो झकास, त्यात वाद नाही. पण वाचलं कोणी? कोचने.

इथं पाटी नाही. शिरस्त्राणात कोचचा आवाज येतो, चाल सांगतो आणि चाल सुरू करायच्या घड्याळात पंधरा सेकंद उरले की आवाज बंद — नियमच आहे तसा. त्यापुढे पोरगा एकटा. ते बारा शब्द घोळक्यात न अडखळता सांगायचे, रांगेशी जायचं, बचाव स्वतः वाचायचा. आणि इथला बचाव खोटं बोलतो! दाखवतो एक, चेंडू हलला की करतो भलतंच. कॉलेजात वेस पाच पावलं मागं उभा राहून चेंडू घ्यायचा, सगळं मैदान डोळ्यांपुढं. इथं अर्ध्या वेळा पुढच्या गड्याला चिकटून चेंडू घ्यायचा आणि पाठ फिरवून मागं पळायचं. वळून बघेपर्यंत बचावाने बिऱ्हाड हलवलेलं असतं. कॉलेजात आपला गडी मोकळा म्हणजे त्याच्याभोवती ट्रक वळवता येईल एवढा मोकळा. इथं मोकळा म्हणजे वीतभर. तोही आत्ता नाही, अजून होणार आहे असं धरून आधीच फेकायचं.

टीव्हीवरचे पंडित म्हणतात, हातात जोर कमी, उंची कमी. खोटं! दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायची सवय लावली, आणि आता विचारतात, का रे, दिसत नाही का तुला?

मी कुठल्या कोचच्या शाळेत गेलो नाही. लिफ्ट पुस्तकावरून शिकलो, फुटबॉल जुन्या टेपा उलटसुलट फिरवून. पण दोन्हींत मला एवढं कळतं — यंत्र बिघडलंय कुठं ते आधी शोधावं, मग पाना हातात घ्यावा.


३० जुलै, रविवार

नऊ शब्दांपर्यंत आला. दहावा ‘कोपरा’. तिथं थुंकी गिळतो.


२ ऑगस्ट, बुधवार

रोज संध्याकाळी बैठकीच्या खोलीत तालीम. चार खुर्च्या — पुढची फळी. कपड्यांची टोपली म्हणजे मधला गडी. मी बाथरूमात, दार लावून, हातात वॉकीटॉकी. तिथून चाल सांगतो, पंधरा सेकंद उरले की बटण सोडतो. मग त्याने खुर्च्यांना चाल सांगायची.

आज सांगितली, "उजवीकडे तिघे, एफ आत, झेड सरक, दोनशे चोवीस, वाय कोपरा, मागचा सोड."

बाहेरून आवाज, "बाबा, झेड सरक आधी की एफ आत?"

"मी आता नाहीये! आवाज बंद झाला माझा!"

"मग बोलतोयस कसा?"

खालच्या बाईने झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. वेस हसत सुटला. पुष्कळ दिवसांनी. मी दार उघडलं नाही. हसत असताना त्याला थांबवायचं जिवावर आलं. पण वेळ गेला तो गेला.

एक लिहून ठेवण्यासारखं: चाल सांगून झाली की रांगेशी जायच्या आधी त्याची नजर बाथरूमच्या दाराकडे येते. मी फटीतून बघितलं. पाटीची सवय! उद्यापासून दारावर टॉवेल.


५ ऑगस्ट, शनिवार

डेस्मंडला जेवायला बोलावलं होतं. खिम्याचा मीट लोफ केला, लोरेनच्या पद्धतीने, फक्त तिच्यापेक्षा कमी कोरडा. (हे पान तिच्या हाती लागू नये.) डेस्मंड सगळ्यांशी गोड. मला मिस्टर के. म्हणतो. कोव्हालिक हे आडनाव म्हणताना त्याची जीभ अडखळते म्हणे.

"मिस्टर के., तुमच्या लिफ्टमध्ये माणूस अडकला की पहिलं काय करता?"

"हाक मारतो."

"हाक?"

"पाना, टॉर्च सगळं नंतर. आधी वरून ओरडायचं — मी आहे इथं! बास. आत माणूस सुरक्षितच असतो. घाबरला की दार उचकटून बाहेर पडायला बघतो, तिथं मरतो. कोणीतरी आहे एवढं कळलं की तासभर गप्प बसतो."

डेस्मंड वेसला म्हणाला, "ऐक रे बाळा. पहिल्या वर्षी मीसुद्धा दार उचकटत होतो. बारा वर्षं झाली, अजून आतच आहे. पण आता आत बसायला खुर्ची मिळालीय!"

वेस हसला, पण तोंडातला घास तसाच.

गावाकडून दिवसभर निरोप. आमच्या बेलार्ड्स फेरी गावातल्या अग्निशामक हॉलवर फलक लावलाय, ‘वेसचं गाव’. शुक्रवारच्या माशांच्या पंगतीत आता त्याच्या नावाची आमटी सुरू केलीय. सगळ्यांचं एकच, "काय म्हणतोय आपला पोरगा?" झकास, लिहितो. दुसरं काय लिहिणार? तो क्लबात अडकलाय, मी या दोन खोल्यांत. आणि त्या हॉलपुढून मान वर करून जायचं तर त्या पोराला बारा शब्द आलेच पाहिजेत.


१३ ऑगस्ट, रविवार

काल पहिला सामना, घरच्या मैदानावर. हंगामाआधीचा, पण आमच्यासाठी हाच हंगाम.

खेळाडूंच्या घरच्यांचे पास मिळतात. माझी जागा उत्तरेच्या बाजूला, अकरावी रांग, पाहुण्या संघाच्या बाकामागं. आपलं बाक दक्षिणेला, थेट समोर. बाकीच्यांचे आईबाप सगळे तिकडे, आणि मी एकटा शत्रूच्या लोकांत! तिकीटवाल्यांचा गोंधळ. पण बोललो नाही. कामाचा नारिंगी शर्ट घालून गेलो होतो, त्यामुळे त्या लोकांत लांबूनही उठून दिसत असणार.

वेसला सामन्याच्या तिसऱ्या आणि चौथ्या पावात, म्हणजे दुसऱ्या अर्ध्यात, खेळवलं. शब्द सगळे आले! घोळका वेळेवर फुटला. पण रांगेशी जाऊन उभा राहिला की त्याची मान वळते. प्रत्येक वेळी. मला शिरस्त्राणाची जाळी समोरून स्वच्छ दिसली, म्हणजे तोंड आमच्या बाजूला. क्षणभरच. पण त्या क्षणात बचाव हलतो आणि याला पत्ता नाही. एकदा आपटला, एक चेंडू त्यांच्या हातात दिला.

कारण उघड आहे. कॉलेजच्या मैदानात त्यांचं बाक याच बाजूला असायचं. अंगाला जुनी जागा आठवते. पाटी शोधतोय!

घरी आल्यावर सांगितलं. म्हणाला, "मी पाटी नाही शोधत, बाबा."

"मग काय शोधतोस?"

"काही नाही." आणि आंघोळीला गेला.


१६ ऑगस्ट, बुधवार

मानेला पट्टी बांधून तालीम करून बघितली. अर्ध्यातच काढून फेकली. "घोडा आहे का मी?" जेवलाही नाही.


१९ ऑगस्ट, शनिवार

परगावचा सामना. टीव्हीवर बघितला. वेसला उतरवलंच नाही. हाल्वर्सन अख्खा दुसरा अर्धा खेळला, आणि बरा खेळला. मेल्याची मान कुठंही वळत नाही.


२१ ऑगस्ट, सोमवार

डेस्मंडने सकाळी पॅनकेकच्या दुकानात बोलावलं. एकट्याला.

"मिस्टर के., पोरगा बघतो कुणाकडे?"

मी माझी उपपत्ती सांगितली. त्याने सगळी ऐकून घेतली. मग ताटली मैदान, मिठाची बाटली वेस.

"तिसऱ्या पावात आपण या टोकाकडे चाललोय. मान डावीकडे. बरोबर?"

"बरोबर."

"चौथ्या पावात बाजू बदलली. आता या टोकाकडे." बाटली फिरवली. "मान?"

"उजवीकडे."

"मानेला डाव्या-उजव्याची सवय लागते, मिस्टर के. उत्तर दिशेची सवय फक्त होकायंत्राला." आणि मध ओतत, माझ्याकडे न बघता, "उत्तरेला कोण बसतं?"

त्याने आपला पॅनकेक संपवला, मग माझाही.

एवढं साधं मला कसं दिसलं नाही? मला! डावं-उजवं मी स्वतः बघितलं होतं. आठ वर्षांचा असताना मागच्या अंगणात फेकायच्या आधी तो माझ्याकडे बघायचा, मी हनुवटी उचलायचो, मग तो फेकायचा. शाळेच्या मैदानातही तेच, कुंपणापाशी उभा राहून. कॉलेजवाल्यांना शिव्या घालतोय मी. त्यांच्या कलिंगडाच्या आधीची पाटी मीच!


२३ ऑगस्ट, बुधवार

क्लबाच्या कोच टेटने वेसला सांगितलं, "शनिवारची पहिली खेळी तुझी. त्यांचे पहिल्या फळीचे गडी असतील समोर. मला शंभर यार्ड नकोत. संघाला घोळक्यातून वेळेवर बाहेर काढ आणि बचाव वाच. बास. त्यावर ठरवतो."

घरच्याच मैदानावर. उत्तरेची खुर्ची माझी.

ठरवलं. मी तिथं बसणार नाही. शोधेल, सापडणार नाही, मग स्वतःच्या डोळ्यांनी बघेल. आधी सांगितलं तर मी कुठं बसलोय तेच शोधत बसेल. तेव्हा सांगायचं नाही.

गोळी घेतली. लोरेनला लिहिलं, सगळं ठीक.


२६ ऑगस्ट, शनिवार

राखाडी शर्ट. टोपी खाली. अगदी वर, गोलाच्या मागं, स्वस्तातल्या जागेवर, अनोळखी लोकांत. शेजारच्या बाईच्या मांडीवर चीज घातलेल्या चिप्सचा ट्रे.

पहिली चाल. घोळका फुटला, वेस रांगेशी गेला. मान उत्तरेकडे. थांबली. थांबूनच राहिली! घड्याळ संपलं. पाच यार्ड दंड.

पुन्हा घोळका. पुन्हा मान. आता तो सगळी बाजू शोधत होता, वरपासून खालपर्यंत. पुन्हा दंड.

"कोण हा वेंधळा?" शेजारची बाई. "मुहूर्त बघतोय काय?"

माझा मुलगा आहे, म्हणावंसं वाटलं. चिप्स घेणार का, तिने विचारलं. घेतली एक. हातातच धरून बसलो.

तिसऱ्या चालीत चेंडू हातातून निसटला. त्यांनी पळवला.

बाकाकडे जाताना तो आमच्या माणसांतल्या कुणाशी तरी बोलला, बोट उत्तरेकडे. मग डोकं हलवलं. पुढच्या खेळीला उतरला तेव्हा मान वळली नाही. एकदाही! बचावाने खोटं दाखवलं, याने ओळखलं, उलट्या बाजूला वीतभर फटीत चेंडू घातला. मग पुन्हा. समोर तोवर दुसऱ्या-तिसऱ्या फळीचे गडी आले होते, मान्य. पण वाचलं याने! स्वतः! मी वर बसून एकटाच टाळ्या वाजवत होतो. बाई म्हणाली, "आता जाग आली वाटतं बाळाला." तिला मिठी मारावीशी वाटली.

बिघाड सापडला आणि दुरुस्तही झाला. पहिली खेळी गेली, पण दार उघडायला एक धक्का लागतोच.

सामन्यानंतर गाडीजवळ भेटला. मला बघून जागेवरच थांबला, मग येऊन मिठी मारली. घट्ट, बरगड्या दुखेपर्यंत. अशी त्याने कॉलेजची शेवटची लढत जिंकल्यावरही मारली नव्हती.

"कुठं होतास?"

"वर होतो. खाली ऊन लागत होतं."

बघत राहिला माझ्याकडे. "गोळी घेतलीस?"

"घेतली रे!"

वाटभर खिडकीला डोकं टेकवून बसला. दमलाय. सुटलेल्या माणसाचा थकवा असतो तसा.


२८ ऑगस्ट, सोमवार

उद्या चारपर्यंत. क्लबात एक माणूस असतो, त्याचं कामच एवढं — हळूच खांद्यावर हात ठेवून म्हणायचं, "कोच वर बोलावतायत, टॅब घेऊन ये." त्या टॅबवर सगळ्या चाली असतात. टॅब मागितला की संपलं.

वेस भिंतीकडे तोंड करून बारा शब्द म्हणतोय. सगळे येतात. मी म्हटलं, पुरे आता. म्हणाला, "दुसरं काय करू?"

लिफ्ट अजून बोटभर खालीच.


२९ ऑगस्ट, मंगळवार

टॅब मागितला.

गाडीत बसल्यावर त्याला सांगितलं, शनिवारी मुद्दाम हललो होतो. तुझ्यासाठी. मग म्हणाला, "मला वाटलं, तुला काहीतरी झालं. घोळक्यात ते दहा जण माझ्या तोंडाकडे बघतायत आणि माझ्या डोक्यात एकच — आईला फोन कोणी केला असेल? शेवटी डेस्मंडने कुणाला तरी पाठवलं, मैदानातल्या दवाखान्याच्या खोलीत कोणी आणलेलं नाही म्हणून कळलं. मग खेळलो."

पुढच्या वळणावर: "ती जागा मीच मागून घेतली होती, बाबा. आपल्या बाकाकडे बघितलं की कोणीतरी काहीतरी सांगणारच. तिथं तू नुसता नारिंगी ठिपका. हनुवटी नाही, तोंड नाही. आहेस, एवढंच कळायचं. सबंध मैदानात तेवढीच एक जागा मला काही शिकवत नव्हती."

हाक मारायची राहिली.

शुक्रवारी दुसऱ्या क्लबात चाचणी आहे. विचारलं, येऊ का?

"ये," म्हणाला. "पण लांब बस."